जागा धरून ठेवली आहे

एजन्सीचा निरोप आला तेव्हा लायल कोव्हाच सुनावणीच्या दालनाबाहेरच्या रांगेत एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होता. फोन उघडून त्यानं वाचलं: गिऱ्हाईक सुनावणीच्या थोडं आधी येऊन जागा घेईल, नाव गॅरेट स्ट्राउड. फोन खिशात टाकला, पुन्हा काढला, पुन्हा वाचलं. नाव तेच राहिलं. एकाएकी त्याला आपल्या बुटांची लाज वाटली. गंमत म्हणजे पहाटे फुटपाथवर रात्रपाळीच्या माणसाकडून ही जागा ताब्यात घेतली तेव्हापासून याच बुटांवर तो मनातून खूश होता. जाड तळव्याचे, खास उभं राहण्यासाठी घेतलेले बूट होते ते. समितीच्या सुनावणीला लोकांसाठी थोड्याच खुर्च्या असतात आणि रांगेत जो आधी तो आत, असा नियम आहे. ज्यांना आत तर बसायचंय पण रांगेत उभं राहायचं नाही, त्यांच्यासाठी लायलसारखी माणसं तासाच्या हिशेबानं उभी राहतात. ऐन वेळी कुणीतरी भारी कोटातला येतो, नाव सांगतो, तुमच्या दोन फरशांवर उभा राहतो, आणि तुम्ही घरी जाता. हे कायद्यात बसतं. टेकडीवर, म्हणजे वॉशिंग्टनमधल्या अमेरिकी संसदेच्या, काँग्रेसच्या, या सगळ्या इमारतींत, बहुतेक गोष्टी कायद्यात बसतात. एखादी बसत नसली तर कायदा जरासा सरकून तिला जागा करून देतो. लायल हे काम बरीच वर्षं करत होता आणि आजवर आलेल्या कोटांपैकी एकाचंही तोंड त्याला आठवत नव्हतं. कोट येत, कोट जात. त्यांचा हेवा करण्याइतकी त्याची त्यांच्याशी ओळखच झाली नव्हती.

गॅरेटची गोष्ट वेगळी होती. गॅरेटला तो दुधाचे दात पडायच्या आधीपासून ओळखत होता. ओहायो नदीकाठचं मार्लो गाव, एकाच उताराच्या रस्त्यावर दोघांची घरं, दोघांचे बाप एकाच काच कारखान्यात भट्टीवर. शाळेत जेवणाच्या सुट्टीत तबकं घेऊन पोरांची रांग लागायची आणि त्या रांगेला मोठ्यांना ठाऊक नसलेला एक कायदा होता. उशिरा आलेलं पोर ओळखीच्या पोरापाशी येऊन विचारायचं, ‘पुढे घेतोस की मागे?’ पुढे घेतलं तर घेणारा स्वतः एका जागेनं मागे जायचा, म्हणून ती खरी दोस्ती. मागे घेतलं तर घेणाऱ्याचं काहीच जात नसे. जायचं ते त्याच्या मागं उभ्या असलेल्याचं, आणि त्याला विचारायची पद्धत नव्हती. लायल लवकर यायचा, गॅरेट उशिरा, आणि लायल त्याला पुढे घ्यायचा, दर वेळी, न विचारता. पिझ्झाच्या दिवशी कडेचा भाजलेला तुकडा गॅरेटच्या तबकात पडायचा आणि लायलच्या तबकात मधला ओला. कधी क्वचित गॅरेट आधी आलेला असला तर तोही लायलला बोलवायचा, खांद्यावर हात टाकून, मोठ्यानं हसून. पण मागे घ्यायचा. मागचं पोर कुरकुरलं की गॅरेट त्याच्याकडेही बघून हसायचा, आणि नवल म्हणजे ते पोरही हसायचं. हे हसू लायलनं पुढं कित्येकदा आरशात करून पाहिलं होतं. त्याच्या तोंडावर ते दात दुखत असल्यासारखं दिसे.

“पाय भरून आले का रे राजा?”

मागून आवाज आला. लायलच्या मागं सत्तरीच्या घरातली एक बाई उभी होती. हिवाळ्याचा जाड कोट तिनं दंडावर टाकला होता आणि अंगात गुलाबी सुती जाकीट होतं, धुऊन धुऊन पांढुरकं झालेलं, खिशावर रुग्णालयाच्या स्वयंसेविकेचा बिल्ला. पहाटे रस्त्यावर उभे असतानाच तिनं आपलं नाव सांगितलं होतं, नोरीन टॅकेट, केंटकीच्या डोंगरातली. आता तिनं चांदीचा कागद उलगडून त्याच्यापुढे धरला. सफरचंदाचा थरांचा केक होता.

“घे. बसनं येताना निम्मा ड्रायव्हरनंच खाल्ला. उरलाय तो संपव.”

“तुम्ही खा ना.”

“मी करते. करणारीला वासानंच भरतं. तू कुठला म्हणालास?”

“मार्लो. ओहायो.”

“नदीकाठचं? तिथलं रुग्णालयही यांनीच बंद केलं ना?”

“हो,” लायल म्हणाला. ते खरंच होतं. आजची सुनावणी जिच्याबद्दल होती त्या क्रेस्टमियर कंपनीनं मार्लोचं रुग्णालय घेतलं होतं आणि बंद पाडलं होतं. मात्र ते बंद पडलं तेव्हा लायल वॉशिंग्टनमध्ये होता, आई त्याआधीच गेली होती, आणि बातमी वाचून त्याला सर्वांत आधी आठवलं होतं ते हे, की त्या रुग्णालयाच्या दारातल्या फरशीवर गॅरेटच्या बापाचं नाव कोरलेलं होतं, गॅरेटनं दिलेल्या देणगीबद्दल. ती फरशी आता कुणी उखडली असेल का, या विचारानं त्याला दिवसभर बरं वाटत राहिलं होतं.

“मग तू आमच्यातलाच,” नोरीन म्हणाली. “मला वाटलंच. कुणाचंतरी गेल्याशिवाय माणूस असा थंडीत उभा राहत नाही.”

लायलनं केकचा घास तोंडात धरून ठेवला. पैशासाठी उभा आहे असं सांगायला तोंड रिकामं लागलं असतं. नोरीन बोलत राहिली, आणि ती ज्या सहजपणे बोलत होती त्याचाही त्याला हेवा वाटला. तिच्या गावच्या बायकांनी वर्षानुवर्षं रुग्णालयाच्या दारात केक विकून सोनोग्राफीचं यंत्र घेतलं होतं. मग क्रेस्टमियर आली. रुग्णालय घेतलं, त्याच्या खालची जमीन आणि वरची इमारत आपल्याच दुसऱ्या कंपनीला विकली, आणि रुग्णालयाला स्वतःच्याच छपराचं भाडं भरायला लावलं. भाडं थकलं तसे दिवे गेले. यंत्र लाकडी पेटीत घालून नेलं, त्याच्यावरची बायकांच्या नावांची पट्टीसुद्धा न काढता. नोरीनचा नवरा डेलबर्ट एका सकाळी अंगणात बसला तो उठेना. सर्वांत जवळचं रुग्णालय आता डोंगरापलीकडे होतं. डोंगर उतरेपर्यंत तो टिकला नाही.

“मला आत जाऊन ओरडायचं नाही,” ती म्हणाली. “एवढंच, की त्या पेनिमनला, त्यांच्या मुख्य साहेबाला, हे जाकीट दिसावं. रुग्णालय घेतलं तेव्हा तो आला होता. आम्ही सगळ्या ही जाकिटं घालून दारात उभ्या. प्रत्येकीचा हात दोन्ही हातांत घेतलान आणि म्हणाला, तुम्ही या जागेचं काळीज आहात. आम्ही रडलो रे. मूर्ख बायका. आज तो साक्षीच्या टेबलाशी बसला, की मी नुसती त्याच्या नजरेपुढं बसणार. ओळखेल की नाही?”

“ओळखेल,” लायल म्हणाला. त्याला खरं तर वाटत होतं, की पेनिमन मान वळवणार नाही. कंपनीचे हे मुख्य साहेब टेबलाशी बसले की समोरच्या खासदारांखेरीज कुणाकडे बघत नाहीत. त्यांना तसं शिकवलेलं असतं. शिकवणारे गॅरेटच्या कचेरीतले असतात. गॅरेटच्या कचेरीचं कामच ते. साहेबानं कुठे बघावं, कुठला टाय घालावा, माफी मागितल्यासारखं दिसावं पण मागू नये. आणि खासदारांनी काय विचारू नये हेही, पण ते काम सुनावणीच्या कितीतरी आधी उरकलेलं असतं.

हे लायलला ठाऊक होतं, कारण एके काळी तोही याच टेकडीवर आतल्या बाजूला होता. दोघेही होते. मार्लोकडच्या भागातून निवडून आलेल्या ड्वायर नावाच्या खासदाराच्या कचेरीत दोघांना एकाच उन्हाळ्यात काम मिळालं. तळघरातली एक खोली दोघांत, इस्त्रीचा एक टाय दोघांत. पगार एवढुसा, म्हणून संध्याकाळी मेजवान्यांत पोट भरायचं. कंपन्यांच्या मेजवान्या रोज कुठल्या ना कुठल्या दालनात असायच्या, आणि त्यांचाही एक कायदा होता. कंपनीनं सरकारी माणसाला जेवायला घालणं ही लाच. पण माणूस उभा असेल आणि खाणं दात कोरायच्या काडीला टोचून तोंडात टाकता येत असेल, तर ते जेवण नव्हे. खुर्ची नाही, काटा नाही, म्हणून लाच नाही. लायल आणि गॅरेट उभ्यानं कोळंबी खात, उभ्यानं चीजचे चौकोन खात, काड्या खिशात साठवत आणि घरी येऊन मोजून हसत. लायलला तेव्हा पोट भरल्यासारखं वाटे. गॅरेट मात्र एकदा काडी चघळत म्हणाला होता, “ही ताटं मांडतं कोण, ते बघायला पाहिजे.” थोड्याच दिवसांत तो ताटं मांडणाऱ्यांकडे गेला. त्या मोठ्या वकिली कचेरीनं ड्वायरच्या ऑफिसातून एक होतकरू माणूस मागितला होता, दोघांनाही एकाच उपाहारगृहात, खुर्चीवर बसवून, काट्यानं खाऊ घातलं होतं, आणि निवडला गॅरेट. लायल लोकांना सांगताना सांगे, की मला विचारलं होतं, मी नाही म्हटलं. एकदा सांगितलं, मग सांगतच राहिला. जनीननं त्या नकारावर भाळून त्याच्याशी लग्न केलं, आणि असल्या स्वाभिमानी माणसाबरोबर घरभाडं कसं भरायचं हे न कळून सोडून गेली. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. त्या जेवणात त्याला बोलताना मध्येच थांबवून त्या लोकांनी गॅरेटला विचारलं होतं, तुमचं काय मत. पुढं ड्वायरनं एका सुनावणीत रुग्णालयांच्या जमिनींबद्दल एक वाकडा प्रश्न विचारला. प्रश्न लायलनं लिहून दिला होता. पुढच्या निवडणुकीत ड्वायरविरुद्ध कुठून कुठून पैसा ओतला गेला, आणि ड्वायर पडला. ड्वायर पडला याचं लायलला दुःख झालं. पण तो प्रश्न गॅरेटच्या कानावर गेला असेल, गॅरेट दचकला असेल, या कल्पनेवर त्यानं नंतरची कितीतरी वर्षं काढली.

दर नाताळला गॅरेटचं कार्ड यायचं. बर्फात गॅरेट, त्याची बायको, तीन पोरं आणि एक पिवळा कुत्रा, सगळ्यांच्या अंगात एकसारखे स्वेटर, कुत्र्यालासुद्धा. खाली हातानं लिहिलेलं, ‘भेटू कधीतरी, लेका.’ लायल ती कार्डं फेकत नसे. डिसेंबरात जुनी कार्डं काढून ओळीनं लावायचा आणि गॅरेट कुठे सुटलाय का, कुठे केस विरळ झालेत का, बायकोच्या डोळ्यांखाली काही दिसतंय का, हे शोधायचा. कुत्रा बदलला त्या वर्षी त्याला थोडा आनंद झाला होता. मग त्याचीच त्याला किळस आली, आणि तरीही आनंद पूर्ण गेला नाही. माणसाला दुसऱ्याच्या मेलेल्या कुत्र्याचा आनंद व्हावा म्हणजे काय, असं त्यानं स्वतःला विचारलं आणि कार्ड नीट पाकिटात घातलं.

दालनाचं दार उघडून पोलीसबाई बाहेर आली. उंच, धिप्पाड, आवाज झोपाळू. रांगेत चुळबूळ झाली.

“मंडळी, ऐका. आत पत्रकार जास्त झालेत, त्यामुळं लोकांच्या खुर्च्या कमी केल्यात.” ती रांगेच्या कडेनं चालत आली, मनातल्या मनात मोजत, आणि लायलच्या मागं तिनं हाताचा पंजा उभा धरला, पाव कापताना सुरी धरावी तसा. “या साहेबांपर्यंत. यांच्या मागच्यांनी थांबायचं तर थांबा, पण आशा नको.”

पंजा नोरीनच्या नाकासमोर होता. ती त्याच्याकडे पाहत राहिली.

“मी काल दुपारी निघालेय, बाई,” ती म्हणाली.

“मला कळतं, आजी. खुर्च्या मी करत नाही.”

“तो या वाटेनं जाईल का? पेनिमन?”

“ते मागच्या दारानं येतात.”

“बरं,” नोरीन म्हणाली. तिनं जाकिटाची खालची कड ओढून सरळ केली. “मग मी इथंच उभी राहते. कुणाला चक्कर येते, कुणाला लघवी लागते. होतं असं.”

लायलला एकदम सगळं स्पष्ट दिसलं, इतकं स्पष्ट की त्यात विचार करण्यासारखं काही उरलंच नाही. आत जाणारा शेवटचा माणूस तो होता. गॅरेट येईल आणि ही शेवटची जागा गॅरेटची होईल. आणि आत्ता, गॅरेट यायच्या आधी, आपण बाजूला एक पाऊल टाकलं, तर ती नोरीनची होईल. कुणाला काही सांगावं लागणार नाही. चक्कर आली म्हणावं, लघवी लागली म्हणावं. एजन्सी काढून टाकेल, टाकू दे. पाऊल टाकायला त्याला आवडलंही असतं. पण मग गॅरेट येईल तेव्हा आपण नसू. गॅरेट रांगेकडे बघेल, आपला माणूस दिसत नाही म्हणून खांदे उडवेल, आणि नकार कुणी दिला हे त्याला कळणारही नाही. लायलला गॅरेटचं तोंड बघायचं होतं. आयुष्यात एकदा तरी ‘नाही’ ऐकतानाचं गॅरेटचं तोंड. त्याला जागा नोरीनला द्यायची होती, पण गॅरेटच्या नाकासमोर द्यायची होती. म्हणून तो हलला नाही.

गॅरेट आला तो लिफ्टकडून, घाई न करता, उंटाच्या रंगाचा कोट घालून. केस पांढरे झाले होते आणि त्याला शोभत होते. लायलनं इतकी कार्डं न्याहाळली होती, पण कार्डात चाल दिसत नाही. चाल तीच होती, जेवणाच्या रांगेकडे येणारी. वाटेत त्यानं पोलीसबाईला नावानं हाक मारली, तिच्या मुलाच्या गुडघ्याची चौकशी केली, आणि मग लायलपुढे येऊन दोन्ही हात पसरले.

“लायल. अरे, ये इकडे.” आणि त्यानं त्याला मिठी मारली. कोट मऊ होता, आणि सेडरच्या लाकडाचा वास येत होता. “किती वर्षं झाली रे? वाळलास लेका. खातोस की नाही?”

“उभ्यानं,” लायल म्हणाला.

गॅरेट मनापासून हसला. त्याला काड्या आठवल्या होत्या. तो विसरला असता तर बरं झालं असतं.

“तुला माहीत होतं मी असेन?” लायलनं विचारलं.

“अर्थात. मीच सांगितलं ना एजन्सीला, कोव्हाचलाच द्या म्हणून.” गॅरेटनं आवाज खाली आणला, आणि ते खाली आणणंही चांगल्या मनाचंच होतं. “खरं सांगू? मला रांगेची गरज नसते. आतली पोरं ओळखतात. पण ड्वायरच्या ऑफिसातल्या बार्बरानं सांगितलं, तू हे काम करतोस, नि म्हटलं, आपलं मोठं प्रकरण आहे, दोन-तीन दिवसांचे तास होतील, तेवढेच तुला. वाईट वाटून घेऊ नकोस हं.”

लायलनं वाईट वाटून घेतलं नाही. वाईट वाटायला आत कुठेतरी जागा लागते, आणि तिथं आत्ता फक्त आग होती. म्हणजे हे उभं राहणं, रात्रपाळीच्या माणसाचं कुडकुडणं, ही फरशी, हे बूट, सगळं गॅरेटनं वाढलेलं होतं. काडीला टोचून. शेवटचा घास घेऊन बाजूला व्हायचं आणि आभार मानायचे. लायलच्या तोंडून शब्द आले ते त्याला वाटलं होतं त्यापेक्षा मोठ्यानं आले.

“जागा माझी आहे.”

“काय?”

“मी उभा होतो. जागा माझी. तुला देत नाही.”

रांगेतल्या माना वळल्या. मग पुढून कुणीतरी म्हणालं, “शाबास.” फलक घेऊन आलेल्या पोरींपैकी एकीनं फोन वर धरला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, दोन-चार जणांनी त्यात हात मिसळले. लायलनं गॅरेटच्या तोंडाकडे पाहिलं, जे पाहण्यासाठी तो थांबला होता. तिथं काहीच झालं नव्हतं. गॅरेटच्या भुवया किंचित वर गेल्या होत्या, एवढंच, जसं आपल्या भाच्यानं जेवणाच्या टेबलावर काही चमत्कारिक बोलावं.

“बरं,” गॅरेट म्हणाला. “तुला बघायचंय का आतून? मग आधी बोलायचंस ना वेड्या.” त्यानं लायलच्या दंडावर थोपटलं, पोलीसबाईला मान लववली आणि आला होता तसाच, घाई न करता, लिफ्टच्या दिशेनं परत गेला. पोरींनी त्याच्या पाठीवर हुर्यो केली.

नोरीनचा हात लायलच्या मनगटावर आला. बोटं गार होती, डोळे भरलेले.

“तुला पैसे देऊन उभं केलं होतं?”

“हो.”

“आणि तू ते लाथाडलेस.” ती त्याच्याकडे तशी पाहत होती, जशी एके काळी जनीन पाहायची. “राजा, मी उगीच कुढत होते. माझ्याऐवजी तूच आत असलेला बरा. तुला त्यांच्याशी बोलता येतं. मी नुसती बसले असते.”

हा क्षण होता. लायलला तो क्षण ओळखूही आला. म्हणायचं होतं फक्त, तुम्ही जा, मी तुमच्यासाठीच धरली होती. वाक्य तयार होतं. पण सगळी रांग त्याच्याकडे बघत होती, फोन अजून वर होता, आणि आतमध्ये, त्या दाराच्या पलीकडे, गॅरेट आत्ता कुठल्या तरी खुर्चीत बसत असणार होता. आपण घरी जायचं आणि गॅरेटनं बसायचं, हे त्याच्यानं होईना. नोरीननं तोवर जाकिटाची बटणं काढायला सुरुवात केली होती.

“हे ने. मांडीवर ठेव, खिसा वर करून. त्याला दिसेल असं.” जाकिटाखाली तिचा साधा तपकिरी स्वेटर होता. त्यात ती एकदम लहान दिसायला लागली, कुठल्याही रांगेतल्या कुठल्याही बाईसारखी. “बिल्ल्यावर नाव आहे माझं. त्याला वाचता येतं का बघू.”

दार उघडलं. पोलीसबाईचा पंजा लायलच्या पाठीमागं खाली आला. तो आत गेला.

त्याला मिळाली ती शेवटच्या रांगेतली कडेची खुर्ची. खाली बसताना गुडघे कुरकुरले. ड्वायरकडची नोकरी गेल्यापासून या दालनात तो पहिल्यांदाच बसत होता, आणि बसल्यावर समोरचं सगळं किती उंच दिसतं हे तो विसरला होता. पुढं साक्षीचं टेबल, त्यावर पाण्याचा तांब्या. समोर उंचावर खासदारांच्या खुर्च्या, अर्ध्या रिकाम्या. टेबलाच्या लगेच मागच्या रांगेत उंटाच्या रंगाचा कोट. गॅरेट शेजाऱ्याशी बोलत होता. मग त्यानं वळून दालनावरून नजर फिरवली, लायलला शोधलं, आणि त्याला पाहून त्याचं तोंड उजळलं. त्यानं हात वर केला. दुसरा हात त्यानं शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर टाकलेला होता. खुर्ची रिकामी होती. ओठांची हालचाल इतक्या लांबूनही वाचता येत होती: ये इकडे, जागा धरलीय.

लायलनं मान हलवून नाही म्हटलं. निदान त्याला तसं वाटलं. गॅरेटनं एका तरण्या कर्मचाऱ्याच्या कानात काही सांगितलं, आणि तो पोरगा मधल्या वाटेनं लायलपाशी आला.

“मिस्टर कोव्हाच? पुढं या ना, सर.”

सर म्हणाला. लायल उठला. उठताना त्यानं मागं पाहिलं. दार अजून पूर्ण लागलं नव्हतं, फटीतून बाहेरचा संगमरवर दिसत होता, आणि त्यावर तपकिरी स्वेटरची एक बाही. आपली खुर्ची आता रिकामी आहे, बाहेर एक बाई आहेत, त्यांना घ्या. पोरगा समोरच होता, सांगायला श्वासही लागला नसता. पण सांगायचं तर थांबावं लागलं असतं, आणि तिकडे पहिल्या रांगेत कुणीतरी त्या रिकाम्या खुर्चीकडे बोट करून गॅरेटला विचारत होतं, इथं कुणी आहे का. लायल भराभर चालायला लागला. मागं दार लागल्याचा आवाज झाला. गॅरेटनं त्याला मागे घेतलं होतं, शाळेतल्यासारखं, आणि त्याला, छातीत, लाजेच्या अगदी शेजारी, तोच जुना आनंद झाला. गॅरेटनं सगळ्यांदेखत बोलावल्याचा.

खुर्ची गादीची होती. गॅरेटचा खांदा त्याच्या खांद्याला लागला. “बघ, इथून सगळं दिसतं,” गॅरेट कुजबुजला. “आणि रागावला असलास तर नंतर रागाव. दुपारी जेवू. बसून.” लायलनं मांडीवर जाकीट ठेवलं होतं, पण खिसा वर करायचं राहिलं होतं. उजव्या बाजूचं दार उघडलं, कॅमेरे करकरले, आणि पेनिमन आत आला. कार्डातल्या माणसासारखा नीटनेटका, थोडा थकलेला, चेहरा सभ्य. टेबलाशी जाताना तो आपल्या माणसांच्या रांगेपाशी थांबून एकेकाला भेटत होता. गॅरेट उठून उभा राहिला.

“होल्ट,” त्यानं पेनिमनला पहिल्या नावानं हाक मारली, “हा लायल कोव्हाच. माझा गावचा. आम्ही एका ताटात जेवलोय.”

पेनिमननं लायलकडे पाहिलं. थेट डोळ्यांत, आपुलकीनं, जणू कधीपासून त्यालाच शोधत होता. लायल उठला तसं मांडीवरचं जाकीट खाली घसरलं, बिल्ला फरशीवर टणकन वाजला. पेनिमनची नजर क्षणभर खाली गेली. लायलनं ते बुटानं खुर्चीखाली सरकवलं आणि हात पुढे केला. पेनिमननं तो दोन्ही हातांत घेतला.